न चुकलेला नेम

माणूस रस्त्याने वळताना हात दाखवतो, गाडी दिवा दाखवते. बोलणं मात्र कधी कोणत्या गल्लीत वळेल, ते दाखवायची सोय अजून कोणी केलेली नाही. ती असती तर आमच्या स्वयंपाकघरातल्या पिंपाला भोक पडलं नसतं, माझ्या वर्तणुकीची चौकशी करायला दारात हवालदार उभा राहिला नसता, आणि वजनमापे खात्यातला माझ्यासारखा पापभीरू कारकून न्हाणीघराच्या उंबऱ्यावर बंदूक रोखून उभा राहिला नसता.

झालं ते असं. एका दुपारी चहाच्या वेळेला मी शेजारच्या टेबलावरच्या बाईंना माझ्या पहाटेच्या फिरण्याविषयी सांगत होतो. पहाटे फिरायला जाणं हा माझा कित्येक वर्षांचा नेम. आयुष्यात दुसरं सांगण्यासारखं काही न घडल्यामुळे मी तो वरचेवर सांगतो, आणि बाई फायलीत तोंड खुपसून तो वरचेवर ऐकतात. तेवढ्यात साहेब आपल्या खोलीतून बाहेर आले, थेट माझ्यासमोर थांबले आणि म्हणाले, "काय हो, तुमचा नेम कसा आहे?"

साहेबांनी आपणहून माझी विचारपूस करण्याची ती पहिलीच वेळ. मी ताडकन उभा राहिलो.

"साहेब, आजवर एकदाही चुकलेला नाही."

"एकदाही नाही?"

"पाऊस असो, वारा असो. अंगात ताप असला तरी चुकत नाही."

"तापातसुद्धा?"

"तापात उलट बरंच वाटतं, साहेब. घाम येतो, अंग हलकं होतं."

साहेबांनी चष्मा काढून पुसला. "आणि अंतर?"

"सुरुवातीला कोपऱ्यावरच्या शाळेपर्यंतच मजल होती. आता थेट पुलापर्यंत."

"पुलापर्यंत!"

"आणि परत."

"परत?" साहेब पुटपुटले. मला वाटलं, त्यांच्या वजनाच्या माणसाला पूल लांब वाटत असेल. म्हणून धीर द्यायला मी म्हणालो, "सवयीचा भाग आहे, साहेब. आता तर काळोख असला तरी अडत नाही. डोळे मिटूनही जमेल."

साहेबांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "असली माणसं आपल्या खात्यात आहेत आणि आम्हांला पत्ता नाही," असं म्हणून ते निघून गेले. बाईंनीही फायलीतून डोकं वर काढून माझ्याकडे नीट पाहिलं. त्या संध्याकाळी मी घरी चालत गेलो नाही, तरंगत गेलो.

दुसऱ्या दिवशी सूचनाफलकावर आंतरखाते क्रीडास्पर्धांची घोषणा लागली. कॅरम, बुद्धिबळ, संगीत खुर्ची, आणि सगळ्यांत खाली 'एअर रायफल नेमबाजी'. त्यापुढे वजनमापे खात्याच्या रकान्यात माझं नाव होतं.

मी तडक साहेबांच्या खोलीत गेलो. गैरसमज दूर करण्याचा माझा इरादा पक्का होता. पण साहेब फोनवर त्यांच्या साहेबांशी बोलत होते. "हो, आमच्याकडे आहे एक माणूस. पुलापर्यंत मारतो. नाही नाही, परत. आता ते परत कसं, ते मलाही नीट कळलेलं नाही, पण मारतो." फोन ठेवून त्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्या पाहण्यात इतकं कौतुक होतं की माझा पक्का इरादा जागीच वितळला.

"बोला, काय काम होतं?"

"काही नाही, साहेब. आभार मानायला आलो होतो."

मध्यमवर्गीय माणसाचा घात तो खोटं बोलल्याने होत नाही. खरं बोलायला खोलीत शिरतो आणि आभार मानून बाहेर येतो, तिथे होतो.

तरीही कदाचित आजारपण काढून मी त्यातून सुटलो असतो. पण पाणीपुरवठा खात्यातर्फे त्याच स्पर्धेत आमचे साडू उतरणार होते.

साडूंविषयी जास्त लिहीत नाही, कारण लिहायला घेतलं की अक्षर बिघडतं. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे ते यजमान. त्यांची स्कूटर माझ्या स्कूटरपेक्षा कमी पेट्रोल खाते, त्यांच्या गॅलरीत गुलाब फुलतो आणि आमच्याकडे तशाच कुंडीत काटे येतात. हे सगळं मी सहन केलं असतं. खरं दुखणं खुर्चीचं होतं. आमच्या सासऱ्यांच्या दिवाणखान्यात हातांची एकच खुर्ची आहे, वेताची, उंच पाठीची. सासरे स्वतः पलंगावर बसतात. मोठे जावई म्हणून साडू पहिल्या दिवशी त्या खुर्चीत बसले ते बसलेच. मी त्यांच्या शेजारी स्टुलावर बसतो. स्टुलावर बसून माणसाने राजकारणावर कितीही मुद्देसूद मत दिलं तरी ते स्टुलावरूनच दिलेलं असतं.

स्पर्धेची बातमी सासऱ्यांच्या कानावर गेली आणि त्यांनी फोनवर आपल्या मुलीला, म्हणजे माझ्या बायकोला, सांगितलं, "दोन्ही जावई एकाच मैदानात! छान. जो जिंकेल त्याला ह्या खुर्चीचा मान. कायमचा." त्यांना गंमत वाटत होती. मला त्या रात्री झोप लागली नाही.

"तुम्ही? नेमबाजीत?" बायको म्हणाली. "अहो, सुईत दोरा ओवायला मला हाक मारता."

"सराव केला की सगळं येतं."

"तुमचा काही नेम नाही, बाई," असं म्हणून ती आत गेली. ते तिने कोणत्या अर्थाने म्हटलं, यावर मी बराच वेळ विचार केला. दोन्ही अर्थांनी खरं होतं.

खेळसाहित्याच्या दुकानात गेलो. दुकानदाराने आधी एक महागडी रायफल मखमलीवर ठेवली. "साहेब, माणूस काय, कोणीही चाप ओढतो. नेम बंदुकीत असतो." मी किंमत ऐकली आणि त्याहून स्वस्त काही आहे का म्हणून विचारलं. त्याने मखमल गुंडाळली, फळीखालून दुसरी काढली आणि म्हणाला, "ही घ्या. होतकरूंसाठी आहे. बंदुकीत काय आहे, साहेब? नेम माणसात असतो." तिच्या नळीवर एक बारीक स्क्रू होता. नेम डावा-उजवा झाला तर तो फिरवायचा का, असं मी जाणकारासारखं विचारलं. "फिरवला तर फिरतो," दुकानदार प्रामाणिकपणे म्हणाला. "बाकी काही होत नाही."

रायफल चादरीत गुंडाळून घरी आणली. जिन्यात भेटलेल्या प्रत्येकाने पडद्याची दांडी का म्हणून विचारलं आणि मी हो म्हणालो. एकाने तर लगेच, "लेव्हल धरून ठोका, आमची कललीय," असा सल्लाही दिला.

आता सरावाला जागा. आमच्या घरात सगळ्यांत लांब सरळ रेषा म्हणजे न्हाणीघर ते बाहेरचं दार. स्पर्धेच्या अंतराच्या ती निम्मीच भरली, पण वजनमापे खात्यातल्या माणसाला निम्म्याचं भय नसतं, दुप्पट करता येते. बाहेरच्या दाराला आतून कडी लावली, त्याला जुनी लोखंडी पत्र्याची फळी टेकवली, तिच्यापुढे जाडजूड गादी उभी केली आणि गादीवर काळ्या ठिपक्याचा कागद टाचला. बायकोला माझ्यामागे न्हाणीघरात उभं केलं. ती निवडायला भाजी घेऊन आली आणि बादलीवर फळकूट टाकून बसली. नळी खाली वाकवली, छर्रा बसवला, नळी सरळ केली, श्वास रोखला आणि चाप ओढला.

कागद होता तसाच राहिला. गादीही तशीच राहिली. वाटेत डाव्या हाताला आमच्या स्वयंपाकघराचं दार आहे. तिथून बारीक सूं असा आवाज यायला लागला. पाणीपुरवठा खातं, म्हणजे आमचे साडू, दिवसाआड पाणी सोडतं, म्हणून आमच्याकडे प्लॅस्टिकचं मोठं पिंप भरलेलं असतं. त्या पिंपाच्या पोटातून एक सुबक धार निघून ओट्याखाली पडत होती. बायकोने भाजी बाजूला ठेवली, धारेखाली पातेलं लावलं आणि म्हणाली, "नळ बसवायचा होताच आपल्याला."

पातेलं लावेपर्यंत बरंच पाणी फरशीवर गेलं होतं आणि फरशीवरून ते खालच्या मजल्यावर गेलं. खालच्या मजल्यावर कर्नल राहतात. ते कर्नल नाहीत. बेकरीतून निवृत्त झाले आहेत, पण मिशा अशा आहेत की दुसरं काही म्हणताच येत नाही. आमच्या इमारतीचे ते चिटणीस. डोक्यावर पडलेलं पाणी पुसतच ते वर आले आणि माझ्या हातातली पडद्याची दांडी त्यांना दिसली.

"हे काय?"

"एअर रायफल. सरावासाठी."

"लायसन?"

"हिला लागत नाही."

"लागत नाही याचा कागद आणा. इमारतीचा चिटणीस म्हणून मला कागद हवा. उद्या कोणाला काही झालं तर मी काय मिशा दाखवू?"

तेव्हा मी लायसनच्या कचेरीत गेलो. खिडकीतल्या कारकुनाने मला आपलाच माणूस म्हणून ओळखलं असावं, कारण तो माझ्याकडे न बघता बोलू लागला.

"असल्या साध्या बंदुकीला लायसन लागत नाही."

"मग तसं लिहून द्या."

"कसं?"

"लागत नाही, असं."

"अहो, जे लागतं ते आम्ही देतो. जे लागत नाही ते आम्ही कुठून देणार?"

मी तिथेच उभा राहिलो. माझ्या चेहऱ्यावर सरकारी नोकराची ती केविलवाणी चिकाटी पाहून त्याला पाझर फुटला. त्याने मान खिडकीबाहेर काढली. "असं करा. तुम्ही लायसनसाठी रीतसर अर्ज करा. आम्ही तो नामंजूर करतो. नामंजूर करताना कारण द्यावंच लागतं. कारण येईल, 'लायसनची आवश्यकता नाही'. झाला की नाही तुमचा कागद?"

मी भारावून गेलो. खात्याबाहेरच्या माणसाला यातलं सौंदर्य कळायचं नाही. मी अर्ज भरला, सही ठोकली आणि एका थोर डोक्याच्या दर्शनाने धन्य होऊन निघालो. तेव्हा त्याने मागून हाक मारली. "चौकशीला माणूस येईल हं घरी. अर्जदार कोण आहे हे कळल्याशिवाय आम्हांला कोणाला नामंजूर करता येत नाही."

दरम्यान सराव चालूच होता. पिंपाला मेणाचा बोळा लावून ते हलवलं होतं. आता छर्रे स्वयंपाकघरात जात नव्हते, गादीत जात होते. कागदात मात्र जात नव्हते. पहाटे उजेड झाल्याबरोबर उठून सराव करायचा, म्हणून फिरायला जाणं बंद झालं. जिन्यात, कचेरीत, रांगेत, जिथे उभा असेन तिथे मी एक डोळा मिटून लांबच्या वस्तूंवर नेम धरू लागलो. कर्नल कागद मिळेपर्यंत तत्त्वतः विरोधात होते, पण सल्ला द्यायला त्यांना कागद लागत नव्हता. "चाप ओढताना पोट आत घ्या. आम्ही भट्टीत पाव सोडताना तसंच करायचो." मी पोट आत घेतलं. त्याने नेमात फरक पडला नाही, फक्त पट्टा सैल झाला.

हवालदार आला तेव्हा मी उंबऱ्यावर बंदूक रोखूनच उभा होतो. दाराची कडी काढून, गादी सरकवून त्याला आत घ्यावं लागलं. तेवढ्यात जिन्यात सगळी इमारत गोळा झाली. त्याने माझ्या वर्तणुकीविषयी विचारणा सुरू केली.

"माणूस साधा आहे," कर्नल म्हणाले. "वर्गणी वेळेवर देतो. पण साध्या माणसांचंच काही सांगता येत नाही."

समोरच्या काकू म्हणाल्या, "इतकी वर्षं शेजारी आहेत, पण कधी डोळा वर करून पाहिलं नाही हो. हल्ली मात्र एक मिटून बघतात."

माझ्या कानांच्या पाळ्या तापल्या. आयुष्यभर अब्रू सांभाळायची, आणि ती अशी जिन्यात उभी राहून लोकांनी तपासायची! हवालदार शांत होता. "मारून दाखवा," म्हणाला. सगळ्यांना माझ्या मागे घेऊन, दार लावून, गादी पुन्हा उभी करून मी मारून दाखवलं. कागदाच्या डावीकडे, गादीवर, छर्रा रुतला. "पुन्हा." पुन्हा डावीकडे. त्याने खिशातून पेन काढलं आणि लिहिता लिहिता मोठ्याने वाचलं, "सदर इसमापासून कोणालाही धोका नाही. ज्याच्यावर नेम धरला आहे त्याला तर मुळीच नाही. डावीकडे उभं राहणाऱ्याने काळजी घ्यावी."

जिना हसला. कर्नल हसले, काकू हसल्या. बायकोही पदर तोंडाला लावून हसली आणि ते मला लागलं. सगळे गेल्यावर मी बंदूक चादरीत गुंडाळायला घेतली. आता साहेबांना खरं सांगायचं आणि जन्मभर स्टुलावर बसायचं, असं मी ठरवून टाकलं होतं.

बायको गादीसमोर उकिडवी बसली होती. "अहो," ती म्हणाली, "इकडे या जरा. पहिल्या दिवसांचं सोडा. पण त्यानंतरची सगळी भोकं बघा. डावीकडे आहेत, पण एकाच जागी आहेत. एका वाटीखाली मावतील."

"मग?"

"मग काय मग? तुमचा हात चुकत नाहीये. बंदूक चुकतेय. वीतभर डावीकडे मारतेय. तुम्ही आपलं वीतभर उजवीकडे धरा."

मी चादर सोडली. वीतभर उजवीकडे धरलं. छर्रा काळ्या ठिपक्याच्या मधोमध घुसला.

त्या क्षणी मला जो आनंद झाला तो मी लपवत नाही. मी ओरडलो. बायकोने टाळ्या वाजवल्या. खालून कर्नलांनी छताला काठी ठोकली. पुढचे सगळे दिवस आम्ही दोघं पहाटे उठून एकच काम करत होतो. ती गादीवर बाटल्यांची झाकणं दोऱ्याने टांगायची, न्हाणीघरात येऊन बादलीवर बसायची आणि म्हणायची, "उजवीकडे धरा." मी उजवीकडे धरायचो आणि झाकण उडायचं. संसारात आम्ही मिळून कामाच्या गोष्टी पुष्कळ केल्या होत्या. ही पहिली बिनकामाची गोष्ट, आणि तिच्यात सगळ्यांत जास्त मजा आली.

लायसनच्या कचेरीतून नामंजुरीचा कागदही आला. कर्नलांनी तो डोळ्यांना लावून ठेवून दिला. मी शेवटचा हिशेब केला. घरात वीतभर फरक पडतो. स्पर्धेत अंतर दुप्पट, म्हणून फरक दोन वीत. दोन वीत म्हणजे एक हात. तेव्हा स्पर्धेत हातभर उजवीकडे धरायचं. खात्याने मला इतकी वर्षं पोसलं ते वाया गेलं नव्हतं.

स्पर्धेचा दिवस उजाडला. मोठा हॉल होता. एका बाजूला लांबलचक टेबल, समोरच्या भिंतीवर ओळीने कागद. बायको प्रेक्षकांत तिच्या बहिणीशेजारी बसली होती. साहेब पहिल्या रांगेत, त्यांच्या साहेबांशेजारी. दारातच एका कार्यकर्त्याने माझी रायफल काढून घेतली. सर्वांना समान संधी मिळावी म्हणून आयोजकांनी नव्याकोऱ्या, तपासलेल्या रायफली पुरवल्या होत्या. हातात वेगळी बंदूक आली हे मला कळलं. त्याचा अर्थ मात्र कळला नाही. माझ्या डोक्यात हातभर उजवीकडे, हातभर उजवीकडे, एवढंच चाललं होतं.

माझ्या लगेच उजव्या हाताला साडू उभे होते. डोक्यावर नवी टोपी, हातांत हातमोजे. "काय, तयारी?" त्यांनी विचारलं. "आम्हांला काय, लहानपणापासून सवय आहे."

"आमचाही नेम आहे जुना," मी म्हणालो. हे अक्षरशः खरं होतं.

प्रत्येकाच्या पुढ्यात बशीत छर्रे ठेवले गेले. शिट्टी वाजली. सगळे एकदमच मारू लागले. मी माझ्या कागदाकडे पाहिलं आणि नजर हातभर उजवीकडे नेली. काय योगायोग सांगू! बरोबर हातभर उजवीकडे मला नेम धरायला एक काळा ठिपका आयताच मिळाला. इतका सोयीचा ठिपका आमच्या गादीवर कधी नव्हता. मी मनात आयोजकांचे आभार मानले, पोट आत घेतलं आणि एकामागून एक छर्रे सोडले. प्रत्येक वेळी हात असा स्थिर होता की माझा मलाच आदर वाटला. मधेच मी माझ्या कागदाकडे नजर टाकली. त्यावर भोक दिसलं नाही. सगळे छर्रे एकाच बारीक भोकातून जात असणार, अशी मी समजूत करून घेतली.

कागद काढून आणले. परीक्षकाने माझा कागद उजेडासमोर धरला, उलटा केला, पुन्हा सुलटा केला. "वजनमापे खातं," तो माइकवर म्हणाला, "कागद कोरा." मग त्याने साडूंचा कागद उचलला आणि त्याचा आवाज बदलला. "पाणीपुरवठा खातं! अशी नेमबाजी मी आजवर पाहिलेली नाही. सगळी भोकं एका वाटीखाली मावतील!"

वाटी हा शब्द ऐकला आणि माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. सरळ बंदूक. उजवीकडचा ठिपका. साडूंचा कागद. मी तोंड उघडलं. पण माइकसमोर जाऊन मी काय सांगणार होतो? की साहेब, ते उत्तम मारलेले छर्रे माझे आहेत, फक्त चुकून दुसऱ्याच्या कागदावर मारले? टाळ्या वाजत होत्या. साडू चषक घ्यायला गेले. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता. आनंदाने माणसाचं असं होतं, असं मला वाटलं.

साहेब माझ्याजवळ आले. "चुकला," ते म्हणाले. "तापातसुद्धा चुकत नाही म्हणाला होतात."

"साहेब, ते फिरायला जाण्याचं. पहाटेच्या फिरण्याचा नेम."

"पुलापर्यंत?"

"पुलापर्यंत चालत जातो."

"आणि परत?"

"परतही चालतच येतो."

साहेबांनी चष्मा काढून पुसला. मग एवढंच म्हणाले, "निदान तो तरी चालू आहे ना?"

"नाही, साहेब. या सरावापायी बंद पडला."

घरी जाताना बायको स्कूटरवर मागे बसली होती. निम्मा रस्ता सरला. मग माझ्या कानाशी म्हणाली, "भाऊजींच्या कागदावरची भोकं ओळखीची वाटली मला. आपल्या गादीवर अशीच आहेत." तिने माझ्या पाठीवर हात ठेवला आणि तो घर येईपर्यंत काढला नाही.

पुढच्या रविवारी सासऱ्यांकडे जाणं भागच होतं. मध्ये टेबलावर चषक ठेवला होता. खुर्चीवर नवी उशी आली होती. मी गुपचूप माझ्या स्टुलाकडे वळलो. सासऱ्यांनी हात पुढे केला. "या, मोठे जावईबापू. बसा. आता ही खुर्ची कायमची तुमची."

साडू उभेच राहिले. खुर्चीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. "एक मिनिट," म्हणाले, आणि माझं मनगट धरून मला गॅलरीत घेऊन गेले. तिथे सासऱ्यांच्या गुलाबाच्या कुंड्यांशेजारी त्यांनी खिशातून मूठ काढली आणि माझ्यासमोर उघडली. तिच्यात छर्रे होते. सगळेच्या सगळे, न वापरलेले.

"हे काय?"

"स्पर्धेत बशीत दिलेले," साडू हळू आवाजात म्हणाले. "मला वाटलं, मोजायला दिलेत. एक बार झाला की एक बाजूला सरकवायचा. अहो, हवेची बंदूक म्हणतात. मी म्हटलं, हवाच मारत असणार. नळी वाकवायचो, सरळ करायचो, चाप ओढायचो. फट्ट वाजायचं. समोरच्या कागदावर भोकं दिसायला लागली, मी म्हटलं, काय ताकद आहे या हवेची! मग शेवटी परीक्षकांनी बशीकडे बघून विचारलं, हे उरले कसे? तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. जास्तीचे आले असतील म्हणालो. खिशात टाकले आणि चषक घेतला."

"पण तुम्ही लहानपणापासून..."

"जत्रेत फुगे फोडताना बघितलंय लहानपणापासून. बघितलंय फक्त. साहेबांसमोर तोंडातून निघून गेलं आणि मग मागे घेता येईना." त्यांनी मूठ मिटली. "माझ्या डाव्या हाताला तुम्ही होतात. माझ्या कागदावर दुसरं कोण मारणार? चार दिवस जेवण गोड लागत नाहीये मला."

इतक्या वर्षांत हा माणूस मला पहिल्यांदाच माझ्यासारखा वाटला. मला त्यांचा राग यायला हवा होता. उलट मी हसायला लागलो, आणि मग तेही हसायला लागले. इतके की कुंडीचा आधार घेताना त्यांच्या बोटात काटा गेला.

आत आलो. साडूंनी कमरेवर हात ठेवला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "माझी कंबर धरलीय. आता आपल्याला स्टूल बरं. ह्यांना बसू द्या खुर्चीत." आणि ते माझ्या स्टुलावर जाऊन बसले. सासरे गोंधळले. मेहुणी म्हणाली, कंबर कधी धरली, मला कसं कळलं नाही. साडू चषकाकडे बघत राहिले.

मी खुर्चीसमोर उभा राहिलो, सदरा सारखा केला आणि सावकाश बसलो. बसल्याबरोबर खुर्ची कुरकुरली आणि माझ्यासकट डावीकडे कलली. मी दचकून खुर्चीचे हात घट्ट धरले. एक पाय आखूड होता तिचा. इतकी वर्षं साडू या डगमगत्या खुर्चीत बसून राजकारणावर बोलत होते आणि मी स्टुलावरून त्यांचा हेवा करत होतो! मी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी मान खाली घातली होती, पण खांदे हसत होते.

स्वयंपाकघराच्या दारात बायको चहाचा ट्रे घेऊन उभी होती. कोणाला काही कळायच्या आत ती मला म्हणाली, "अहो, उजवीकडे धरा."

मी उजवीकडे रेललो. खुर्ची सरळ झाली.